मंडप तोच, कंपनी दुसरी

या खेपेला पत्रांचा ढीग बघून बसलो तर चार पत्रं एकाच विषयाची निघाली, टीव्हीची, आणि चौघांनी एकमेकांना विचारून पाठवलीत असं वाटावं इतकी ती एकमेकांत गुंतलेली, म्हणून सगळी जागा त्यांनाच दिली. माडाच्या सोंड्यावर औषध विचारणाऱ्या डिचोलीच्या बाबांनी महिनाभर कळ काढावी.

प्रश्न : भाऊ, २०२५ मध्ये जून ते ऑगस्ट मी मुलाकडे अटलांटाला होतो. त्याने केबल घेतलेली नाही, खिडकीच्या काचेला कागदासारखी पातळ अँटेना चिकटवलीय, तिच्यावर चाळीसेक चॅनल फुकट दिसतात. मला ४६ नंबरची सवय लागली, बातम्या त्यावर आणि सीबीएसच्या मालिकाही त्यावर. १६ ऑगस्टला शनिवारी लावून बघतो तर ४६ वर बातम्या देणारी माणसं तीच, पण सीबीएस गायब. शोधत शोधत गेलो तर ते ६९ वर जाऊन बसलेलं. सून म्हणाली, "बाबा, अफिलिएशन बदललं." मुलगा म्हणाला, "बाबा, झोपा आता." चवथ २७ ला होती, त्याआधी घर गाठायचं म्हणून विषय तिथंच राहिला. पण डोक्यातून जात नाही. चॅनल उठून दुसऱ्याच्या नंबरावर जातं म्हणजे काय? — वाचक, म्हापसा

उत्तर : काका, सूनही बरोबर बोलली आणि मुलगाही, कारण हे प्रकरण सांगायला घेतलं की रात्र जाते.

आपला घोळ 'चॅनल' या शब्दात आहे. आपल्याकडे चॅनल म्हणजे सगळं एकच, कार्यक्रम त्याचे, नाव त्याचं, मालक तोच. अमेरिकेत ह्याची दोन भांडी वेगळी. एक स्टेशन, म्हणजे त्या शहरातलं टॉवर, लायसन्स, नंबर, न्यूजरूम, कॅमेऱ्याची गाडी, हवामान सांगणारा माणूस. दुसरं नेटवर्क, म्हणजे सीबीएस, एनबीसी, एबीसी, फॉक्स, जे देशभराच्या मालिका, राष्ट्रीय बातम्या, फुटबॉल पुरवतात. काही मोठ्या शहरांत स्टेशन नेटवर्कच्याच मालकीचं असतं, पण बहुतेक गावांत स्टेशनचा मालक तिसराच, आणि त्याने नेटवर्कशी काही वर्षांचा करार केलेला असतो. त्या कराराला अफिलिएशन म्हणतात. करार संपला, जुळलं नाही, की स्टेशन तिथंच आणि नेटवर्क बाहेर.

आपल्या जत्रेचं घ्या. मंडप देवळाचा, खुर्च्या गावच्या, माईकवाला गावचा, सुरुवातीला गावचीच पोरं चार अभंग म्हणणार, आणि मग बाहेरून ठरवलेली नाटक कंपनी येऊन रात्र गाजवणार. पुढच्या वर्षी कंपनी शेजारच्या गावात गेली तर आपण 'नाटक तिकडं गेलं' म्हणतो, मंडप तिकडं गेला असं कोण म्हणत नाही. तुम्ही ४६ वर जे बघितलं ते हेच, मंडप आणि अभंगवाली पोरं जागेवर, कंपनी ६९ ला.

आता अटलांटातच असं का, तर तुमचं नशीब थोर, तुम्ही बरोब्बर त्या शहरात होता जिथं सीबीएसला एकदा नाही, दोनदा बिऱ्हाड हलवावं लागलं. मुळात सीबीएस तिथं ५ नंबरवर होतं, १९४९ पासून. स्टेशनचं नाव डब्ल्यूएजीए. पंचेचाळीस वर्षांचा संसार. मग १९९३ च्या डिसेंबरात रूपर्ट मर्डॉकच्या फॉक्सने एक खेळी केली. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलमध्ये दोन गट, त्यातल्या एनएफसी गटाच्या मॅचेस कित्येक वर्षं सीबीएसकडे. फॉक्सने चार वर्षांसाठी १५८ कोटी डॉलरची बोली लावून त्या उचलल्या. सीबीएसवाले इतके पैसे कोण देईल म्हणून निवांत होते.

पण फॉक्सकडे मॅचेस आल्या आणि दाखवायला धड मंडप नाही! तेव्हाची गोष्ट अशी की २ ते १३ हे नंबर व्हीएचएफ पट्ट्यातले, लांबपर्यंत स्वच्छ दिसणारे आणि जुनी खानदानी स्टेशनं त्यांच्यावर. १४ च्या पुढे यूएचएफ, डोंगर आडवा आला की मुंग्या, आणि फॉक्स नवं नेटवर्क असल्यामुळे बहुतेक ठिकाणी ह्याच वरच्या नंबरांवर. आपल्यापैकी ज्यांनी कौलांवर चढून अँटेना फिरवलीय आणि खालून "आलं... आलं... गेलं!" ऐकलंय त्यांना ह्यातलं दुःख वेगळं सांगायला नको.

मग २३ मे १९९४ ला बॉम्ब पडला. न्यू वर्ल्ड नावाची कंपनी, मालक रोनाल्ड पेरेलमन, तिच्या ताब्यातली आणि ती घेत असलेली मिळून बारा स्टेशनं फॉक्सकडे जाणार असं जाहीर झालं, बदल्यात फॉक्स त्या कंपनीत ५० कोटी डॉलर घालणार. ही बारा कुठली ते बघा, अटलांटा, डेट्रॉइट, डॅलस, क्लीव्हलँड, मिलवॉकी, टॅम्पा, एकापेक्षा एक जुनी, आणि त्यांतली बरीचशी सीबीएसची. अटलांटा, डॅलस, डेट्रॉइट ह्यांच्या टीम एनएफसीतल्याच, म्हणजे गावची टीम आणि गावचं चांगलं स्टेशन दोन्ही फॉक्सने एका हातात धरलं. मर्डॉक आवडो न आवडो, धंदा त्याला कळतो.

सीबीएसची जी काय धावपळ झाली ती वाचून मला आमच्या गावात ऐन वेळी नायिकेला ताप आला होता त्याची आठवण झाली. डेट्रॉइटमध्ये कोण दारात उभं करेना. शेवटी ६२ नंबरचं एक छोटं स्टेशन २ कोटी ४० लाख डॉलरला विकत घेतलं. आता हे ६२ म्हणजे साधं नव्हे, १९७५ मध्ये सुरू झालेलं, अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचं काळ्या लोकांच्या मालकीचं पहिलं टीव्ही स्टेशन. ते विकलं गेलं ह्याचं तिथल्या बऱ्याच जणांना वाईट वाटलं, आणि इतकं करून सीबीएसने तिथं अनेक वर्षं धड स्थानिक बातम्यासुद्धा दिल्या नाहीत, पूर्ण न्यूजरूम उभी राहिली ती थेट २०२३ मध्ये. एवढ्या मोठ्या शहरात! माझ्या मते त्या सगळ्या अदलाबदलीतलं हे सगळ्यात वाईट पान, पण त्यावर कमी बोललं जातं, फुटबॉलवरच सगळे बोलतात.

अटलांटात सीबीएसने आधी ६९ नंबरवालं स्टेशन घ्यायचं ठरवलं. होय काका, तुमचंच ६९. पण तेवढ्यात ४६ वाले तयार झाले, ते जरा बरं स्थळ होतं, म्हणून ६९ चं बारगळलं आणि ११ डिसेंबर १९९४ ला फॉक्स ५ वर, सीबीएस ४६ वर. नाकारलेलं ६९ मग व्हायाकॉम नावाच्या कंपनीने घेतलं, १९९५ मध्ये निघालेल्या यूपीएन ह्या नव्या नेटवर्कसाठी. पुढे व्हायाकॉम आणि सीबीएस एकत्र झाले, म्हणजे ६९ आपोआप सीबीएसच्या घरात आलं. २००६ मध्ये यूपीएन बंद पडलं, ६९ ला सीडब्ल्यू हे दुसरं नेटवर्क मिळालं, २०२३ ला तेही सुटलं. आणि ४६ चा मालक दुसराच, ग्रे नावाची कंपनी, ती अटलांटाचीच. आता तुम्हीच सांगा, त्याच शहरात स्वतःचा फ्लॅट रिकामा असताना कोण दुसऱ्याच्या घरात राहत बसेल? करार संपत आला आणि सीबीएस एकतीस वर्षांपूर्वी नको म्हटलेल्या घरात सामान घेऊन गेलं.

आता घर म्हटलं की भाडं आलं. पूर्वी नेटवर्क स्टेशनला पैसे द्यायचं, आमचे कार्यक्रम लावा, तुमचा वेळ वापरतो त्याचे हे घ्या. नाटक कंपनी देवळाला जागेचं भाडं देते तसं. मग १९९२ च्या केबल कायद्याने स्टेशनांना हक्क मिळाला की केबलवाल्यांनी आमचं चॅनल दाखवायचं तर आमची परवानगी घ्या आणि पैसे मोजा. स्टेशनांकडे पैसा दिसायला लागला तशी नेटवर्कं म्हणाली, अहो, लोक बघतात ते आमच्या फुटबॉलसाठी, त्यातला वाटा इकडे ठेवा. हळूहळू नदी उलटी वाहायला लागली, आता स्टेशन नेटवर्कला पैसे देतं. तुम्ही तिथं होता त्याच ऑगस्टात, ४ तारखेला, मायामीत १० नंबरच्या स्टेशनने साठाहून जास्त वर्षांचं एबीसी सोडलं, पैशांवरूनच, आणि आम्ही आमच्या बातम्यांवर जगू म्हणून एकटं उभं राहिलं. एबीसी मायामीत प्रतिस्पर्ध्याच्या, ७ नंबरवाल्यांच्या, पोटचॅनलवर, म्हणजे त्याच टॉवरवरून जाणाऱ्या जादा चॅनलवर, भाडेकरू म्हणून गेलं.

तुमचं ४६ पण आता असंच एकटं आहे, म्हणून तीच माणसं जास्त वेळ बातम्या देताना दिसली असतील. काही जण परतही येतात हां, सिएटलचं ७ नंबर १९९५ मध्ये सीबीएस सोडून यूपीएनकडे गेलं आणि १९९७ मध्ये गुपचूप माघारी आलं, मधल्या दोन वर्षांत ज्या दुसऱ्या स्टेशनने सीबीएस आनंदाने घेतलं होतं त्याच्या हातात परत वाटी.

प्रश्न : आपल्याकडे असं का होत नाही? आणि होत नाही हे चांगलं की वाईट? — वाचक, फोंडा

उत्तर : होत नाही कारण आपल्याकडे मधला मंडपच नाही. मालिका मुंबईत तयार होते, सॅटेलाइटवर जाते आणि तिथून थेट केबलवाल्याच्या नाहीतर तुमच्या कौलावरच्या डिशमध्ये पडते. फोंड्याचं, साखळीचं स्वतःचं टॉवरवालं खासगी स्टेशन ही भानगड कायद्यातच बसत नाही, टॉवरवरून टीव्ही दाखवायचा अधिकार फक्त दूरदर्शनचा. पणजी दूरदर्शन दिल्लीचे कार्यक्रम दाखवून मध्ये आपले गोव्याचे लावतं ते दिसायला अमेरिकेसारखंच, पण दोन्हीकडे मालक एकच, मग करार मोडणार कुणाशी?

तरी अगदीच होत नाही असं नाही. स्टार न्यूज आठवतं? १९९८ मध्ये सुरू झालं तेव्हा बातम्या एनडीटीव्ही करून द्यायचं. २००३ मध्ये करार संपला, स्टार न्यूज हे नाव जागेवर राहिलं आणि आतली माणसं उठून स्वतःच्या नव्या चॅनलवर गेली. माझे वडील आठवडाभर जुन्या नंबरावर त्यांच्या आवडत्या बातमीदाराला शोधत होते, त्यांना वाटलं रजेवर आहे. आणि २०१२ मध्ये बरोब्बर उलटं झालं, स्टार माझाचं एबीपी माझा झालं, नाव गेलं, माणसं तीच. ह्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की कळतं, पाटी आणि चेहरे हे दोन वेगळे धंदे आहेत, आपण त्यांना एक समजतो एवढंच. ईटीव्ही मराठीचं २०१५ मध्ये कलर्स मराठी झालं तेव्हा आमच्या शेजारच्या वहिनी पुढची दोन वर्षं "ईटीव्हीवर लागतं ते" असंच म्हणत होत्या आणि कुणाला काही अडलं नाही.

आणि खरं सांगू, गोव्यात अख्खं स्टेशन दुसऱ्या नेटवर्कला गेल्याचा किस्सा आपल्याकडेच आहे, टीव्हीचा नव्हे, रेडिओचा. पोर्तुगिजांच्या वेळी एमिसोरा दे गोवा होती. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि तीच रेडिओ सेवा आकाशवाणी झाली. लिस्बनकडचं तोंड दिल्लीकडे. ह्याच्याएवढी मोठी अफिलिएशन बदलण्याची गोष्ट फॉक्सलाही जमली नसती.

चांगलं की वाईट विचारलंत. माझ्यापुरतं सांगतो, मला आपल्याकडे नसलेली एक गोष्ट तिथली हवीशी वाटते. नेटवर्क गेलं तरी मायामीचं ते १० नंबर पडलं नाही कारण त्याच्याकडे विकायला स्वतःचं काहीतरी होतं, गावच्या बातम्या. आपल्याकडे मुंबईची चॅनलं गोव्याला आठवण झाली तर दीड मिनिट देतात, तेही निवडणूक असली किंवा किनाऱ्यावर काही वाईट घडलं तर. म्हादईचं पाणी, खाणी, बंद पडलेल्या शाळा ह्यावर रोज बोलतात ती आपली गोव्यातलीच केबलवरची न्यूज चॅनलं. त्यांच्यात दहा दोष आणि शंभर जाहिराती आहेत हे मान्य, पण तीच आपली अभंगवाली पोरं आहेत.

प्रश्न : माझी बहीण तिथं शिकते, तिच्या फोनवर बघितलं तर सगळ्या स्टेशनांची नावं डब्ल्यू नाहीतर के ने सुरू. हे काय राशीप्रमाणे ठेवतात? — वाचक, मडगाव

उत्तर : बायो, राशीप्रमाणेच, फक्त रास नदीवरून काढतात. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला डब्ल्यू, पश्चिमेला के. सरकारी खातं देतं. जुन्या काही स्टेशनांना नियम नीट बसायच्या आधीच नावं मिळाली म्हणून फिलाडेल्फिया पूर्वेला असून तिथं केवायडब्ल्यू आहे आणि पश्चिमेला डॅलसमध्ये डब्ल्यूएफएए आहे. पुढची अक्षरं मालकाच्या आवडीची. अटलांटाच्या ५ मधला जीए म्हणजे जॉर्जिया. ४६ ने २०२२ मध्ये नाव बदलून डब्ल्यूएएनएफ केलं, अटलांटा न्यूज फर्स्ट. आणि वरच्या काकांच्या ६९ चं नाव डब्ल्यूयूपीए, त्यातलं यूपी हे यूपीएनचं. यूपीएन बंद होऊन किती वर्षं झाली, सीबीएस आलं, तरी दारावर आधीच्या भाडेकरूची अक्षरं तशीच. अमेरिकेत पण पाट्या काढायला वेळ मिळत नाही हे बघून मला बरं वाटलं.

प्रश्न : आमच्या केबलवाल्याने न सांगता मराठी चॅनलं वर कुठंतरी नेऊन ठेवली आणि खाली रद्दी भरली. आईला रिमोटवर चार आकडे दाबता येत नाहीत. ह्याला पण अफिलिएशनच म्हणायचं का? — वाचक, वाळपई

उत्तर : नाही, ह्याला जागाभाडं म्हणायचं. मी ह्यात थोडा पापी आहे म्हणून सांगतो. कॉलेज सोडल्यावर तीन-चार वर्षं मी एका केबलवाल्याच्या खोलीत काम केलंय, गाव सांगत नाही. गच्चीवर तीन मोठ्या डिश, त्यांच्या वायरी भिंतीला भोक पाडून आत, आत लोखंडी रॅक, वर रिसीव्हर, खाली मॉड्युलेटर, एका चॅनलला एक. कुठला रिसीव्हर कुठल्या मॉड्युलेटरला जोडलाय त्यावर ठरायचं कुठलं चॅनल कुठल्या नंबरावर दिसणार. म्हणजे वायरीची एक पिन काढून दुसरीकडे खुपसली की संपूर्ण गावात चॅनल 'हललं'. अर्ध्या मिनिटाचं काम, फोन मात्र तीन दिवस.

तेव्हा लोकांच्या घरी जुने सेट, बारा बटणांचे, वरच्या पट्ट्यातलं त्यांच्यावर दिसायचंच नाही. त्यामुळे खालचे नंबर म्हणजे रस्त्याला लागून प्लॉट, आणि चॅनल कंपन्या त्या जागेसाठी केबलवाल्यांना पैसे मोजायच्या. तेच व्हीएचएफ आणि यूएचएफचं भांडण, फक्त डेट्रॉइटऐवजी आमच्या खोलीत. एकदा शेठने सांगितलं म्हणून मी एक मराठी चॅनल खालून उचलून वर ठेवलं आणि तिथं कपडे धुवायची पावडर दिवसभर विकणारं एक चॅनल लावलं, तर संध्याकाळी एक म्हातारी काठी टेकत जिना चढून आली, खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "लाव रे बाबा, मी हांगा बसून पळयतां." लावलं. अर्धा तास बघून, चहा पिऊन गेली. दुसऱ्या दिवशीही आली. तिसऱ्या दिवशी शेठने स्वतः पिन बदलली.

आता सगळं डिजिटल, पिन नाही, सगळं वरून कुणीतरी कॉम्प्युटरवर हलवतं, म्हातारीने कुणाकडे जिना चढायचा? तुम्ही एवढं करा, सेट टॉप बॉक्सच्या रिमोटवर 'फेव्हरिट' म्हणून बटण किंवा मेनूत तशी सोय असते, आईची चार-पाच चॅनलं त्यात घालून द्या म्हणजे चार आकडे दाबायला नकोत. आणि २०१९ पासून कुठली पैसेवाली चॅनलं घ्यायची ते गिऱ्हाइकाने ठरवायचं असा नियम आहे, तेव्हा बिल काढून एकदा बघा, रद्दीचे पैसे तुम्ही तर भरत नाही ना.

आमच्या त्या रॅकवर प्रत्येक मॉड्युलेटरला पांढरी पट्टी चिकटवून पेनाने नाव लिहिलेलं होतं. अल्फा मराठीचं २००५ मध्ये झी मराठी झालं. मध्ये कधीतरी मी जुन्या शेठला भेटायला गेलो होतो, रॅक धूळ खात कोपऱ्यात उभा, पाचव्या मॉड्युलेटरवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं, अल्फा.